कापडामागचं दार

त्या कापडाला हात लावायचा नाही. पुढच्या महिन्यात तुझं प्रदर्शन आहे. भिंत तुझी, खिळे तुझे, दिवे कुठे लावायचे तेही तूच ठरव. पण मधल्या फोटोवरचं पांढरं कापड आणि त्याच्या वरचा लाकडी क्रूस जिथे आहेत तिथेच राहतील. का, म्हणून विचारलंस ना? मग बस त्या स्टुलावर. तुझा कागद अजून हायपोत पक्का व्हायचाय, तोवर डार्करूमचं दार उघडता येणार नाही, आणि या लाल दिव्यात गप्पा मारण्याखेरीज दुसरं काय करणार?

आधीच सांगते, मी भित्री बाई नाही. या ब्लासिदानं आसुन्सिओन शहरात नवख्या पोरापोरींसाठी फुकटातली गॅलरी उभी केली आणि इतकी वर्षं चालवली. भुताखेतांना भीक घालत बसले असते तर एवढं झालं असतं का? आपली ही ‘पिएसिता’ म्हणजे नावाप्रमाणे नुसती खोली. ज्याला कुणी भिंत देत नाही त्याला इथे भिंत मिळते, डार्करूम मिळते, आणि लोकांनी दान केलेली जुनी, मुदत संपलेली फिल्म मिळते. विकायचं काही नाही, कुणाची हांजी हांजी करायची नाही. एवढाच आमचा नियम.

तर त्या दिवशी मी बर्फ आणायला गेले होते. बर्फ आणि व्हिनेगर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात डेव्हलपर तापतो आणि फोटो काळे ठिक्कर पडतात, म्हणून ट्रेखाली बर्फ ठेवावा लागतो, तुला माहीत आहेच. दुपारी दुकानं बंद व्हायच्या आत परत यायचं होतं. संध्याकाळी निमियाच्या पहिल्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं आणि मधला मोठा फोटो छापायचा राहिला होता.

निमिया बान्यादोची पोरगी. नदीकाठच्या त्या सखल वस्तीत वाढलेली, दर पुरात सामान डोक्यावर घेऊन वर येणारी. बोलायची कमी, पण नजर अशी की बघत राहावं. वस्ती पाडून तिथून नदीकाठचा रुंद रस्ता काढायचं ठरलं तेव्हा तिनं पडायच्या आधी प्रत्येक घराचा फोटो काढायचा चंग बांधला. फिल्म आम्हीच दिली. कुणा वारलेल्या स्टुडिओवाल्याच्या बायकोनं खोकं भरून पाठवली होती, त्यातली.

मी बर्फाची पिशवी हिंदकळत परत आले तर ओसरीवर डॉक्टर फ्रेतेस बसलेले. डॉक्टर म्हणजे वकील, इथे वकिलालाही डॉक्टरच म्हणतात. आमच्या विश्वस्तांचे अध्यक्ष तेच, आणि ही जागाही त्यांचीच, शब्दावर दिलेली. माणूस गोड. दर बैठकीला आम्हाला वरच्या आळीतल्या आपल्या घरी बोलवायचे. काळ्या-पांढऱ्या फरशांचा लांब दिवाणखाना, आणि दारातून आत गेलं की कोपऱ्यात हरणाच्या शिंगांची भलीमोठी खुंटाळी. तिच्यावर टोप्या अडकवायच्या आणि मग तेरेरे, आपला तो पाल्याचा गार चहा, प्यायचा. मी कितीदा तरी गेले असेन.

त्या दिवशी ते तेरेरेला नको म्हणाले. म्हणाले, बाकी सगळे फोटो लावा, मधला तेवढा लावू नका.

मधला फोटो म्हणजे सेफेरिनामावशीच्या घराचा. सेफेरिनामावशी एकटी राहायची. पुरुषी गवती हॅट घालून दारात बसायची आणि नांदुतीची, म्हणजे आपल्याकडच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या लेसची, पांढरी कापडं विणायची. कुणी वाटेत मेलं की त्या जागी क्रूस उभा करून त्याच्या हातांवर जे कापड टाकतात ना, दरवर्षी बदलतात, ते. सगळ्या बान्यादोची कापडं तीच करायची. वस्ती रिकामी करा म्हणून माणसं आली तेव्हा तिनं विणकाम खालीसुद्धा ठेवलं नाही. म्हणाली, पूर मला हलवू शकला नाही, तुम्ही कोण?

पुढे कागदोपत्री असं आलं की ती आधीच गावाकडे भाचीकडे राहायला गेली, घर रिकामं होतं, आणि रिकामं घर मशीननं पाडलं. भाची म्हणाली, मावशी आमच्याकडे आलीच नाही. चौकीवर म्हणाले, मोठी बाई आहे, जाईल तिला वाटेल तिथे. बस्स. ना तपास, ना नऊ दिवसांची प्रार्थना, ना क्रूस. मेल्याचं कुणी मानलंच नाही तर प्रार्थना कसली? आणि रस्ता काढणाऱ्या कंपनीचे वकील कोण, तर आमचे हे डॉक्टर.

निमियानं मशीन यायच्या जरा आधी त्या घराचा फोटो काढला होता. छोटा नमुना छापला तर दाराच्या काळोखात एक बाई उभी दिसली. हॅट घातलेली. तो नमुना डॉक्टरांच्याही नजरेस पडला होता.

“जुनी फिल्म आहे, ब्लासिदा,” डॉक्टर अगदी समजुतीनं म्हणाले. “स्टुडिओवाल्यानं आधी वापरलेली असणार. एकावर एक दोन फोटो उमटलेत. उद्या कुणी हे दाखवून दिलं तर पोरीच्या नावाला बट्टा लागेल. तुमच्याही.”

खरं सांगू? मलाही तसंच वाटत होतं. वापरलेली फिल्म पुन्हा भरायची चूक आमच्याकडे नेहमीची. मी निमियाला विचारलं, तू बाई बघितली होतीस का? ती खोटं बोलणारी नव्हे. म्हणाली, “नाही ताई. दार रिकामं होतं. मी हाकही मारली होती. मग मला दोरीमागे ढकललं आणि नुसती धूळ...”

डॉक्टर हसले. उठता उठता म्हणाले की संध्याकाळी तो फोटो भिंतीवर दिसला तर उद्या किल्ल्या माझ्याकडे द्या. सामान उचलायला माझी माणसं बरोबर घेऊनच येईन.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फिल्म दोनदा वापरलेली असेल तर याला एवढं भ्यायचं कारण काय? ते फाटकाबाहेर पडायच्या आत मी मोठ्यानं निमियाला म्हटलं की सगळ्यात मोठा कागद काढ. त्यांनी ऐकलं. ऐकावं म्हणूनच म्हटलं होतं.

आम्ही या इथेच, याच खोलीत आलो. बाहेर दुपारची सामसूम पसरली होती. आपल्याकडची दुपार कशी असते तुला सांगायला नको. खिडक्या बंद, कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत, आणि शीळ ऐकू आली तर पोरांना घरात ओढून घेतात. पोरं पळवायला जो त्या वेळी हिंडतो त्याचं नाव दुपारी कुणी काढत नाही. मी दार लावलं, दाराखालच्या फटीत पोतं सारलं, लाल दिवा लावला.

कागद डेव्हलपरमध्ये गेला. मी ट्रे हलवत होते, बर्फ खाली खडखड वाजत होता. आधी आकाशाची कड आली, मग पत्रा, मग पेरूचं झाड. दाराच्या काळ्या चौकटीत ती. नमुन्यात होती तशीच, लांब, उभी. कागद व्हिनेगरच्या पाण्यात टाकला, हायपोत टाकला. जरा फिका वाटला म्हणून निमिया म्हणाली, दुसरा काढू.

दुसऱ्या कागदावर पत्र्याच्या आधी ती आली.

पांढऱ्या कागदावर आधी हॅटचा काठ उमटला, मग खांदे, आणि मग कुठे तिच्यामागे घर. ती चौकटीत नव्हती. पायरी उतरून खाली अंगणात उभी होती.

मी निमियाकडे बघितलं. निमियानं एन्लार्जरमधून निगेटिव्ह बाहेर काढली, दिव्यासमोर धरली, पुन्हा बसवली. तीच निगेटिव्ह. तू फोटोग्राफर आहेस, तुला कळतंय मी काय म्हणतेय ते. फिल्म दोनदा वापरली असेल, दहादा वापरली असेल, पण एकदा धुतलेली निगेटिव्ह बदलत नाही. तिच्यातून हजार फोटो काढ, हजारही सारखेच येतील.

“ताई...” निमिया हळूच म्हणाली. “वास येतोय का तुम्हाला?”

येत होता. व्हिनेगरच्या वरताण दुसरा वास खोलीत शिरला होता. पूर ओसरल्यावर भिंतींना येतो तो, गाळाचा. आणि बाहेर बोळात कुणीतरी चालत होतं. अनवाणी. ओल्या पायांचा चपक चपक आवाज फरशीवरून अगदी सावकाश येत होता. फाटकाला मी आतून कुलूप घातलं होतं.

घाबरले, कबूल करते. पण भीती वाटली की माझं डोकं फिरतं, हा माझा स्वभाव. म्हटलं, तिसरा काढ.

तिसरा कागद ट्रेमध्ये पडला आणि पावलं या दाराशी येऊन थांबली. हे दार, तुझ्या पाठीमागचं. त्यावर हलकेच थाप पडली.

काय करणार? कागद उघडा होता. दार उघडलं असतं तर सगळा काळा पडला असता. इतक्या वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली.

“उघडू नका... आत कागद आहे.”

आणि बाहेर जे कोण होतं ते थांबलं, आपली पोरंसोरं थांबतात तसं. दुसरी थाप पडली नाही. दाराला कुणीतरी टेकल्याचा तेवढा आवाज आला, आणि फटीतलं पोतं हळूहळू ओलं होताना मला या लाल उजेडात दिसलं.

ट्रेमध्ये घर आलंच नाही आधी. आले ते हात. दोन म्हातारे हात, सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेले, पुढे केलेले. मग चेहरा. ती फोटोच्या अगदी कडेला आली होती, तळवे वर करून, काहीतरी मागत असल्यासारखी. डोळ्यांत राग नव्हता गं. उलट इतकी वाट बघून थकलेली बाई मी कधी पाहिली नाही. मला रडूच आलं. भीती होती, पण रडू भीतीनं नाही आलं.

निमियाचा चिमटा मात्र हलला नाही. कागद व्हिनेगरमधून काढला, हायपोत सोडला, आणि तेव्हा कुठे बोलली.

“कापड मागतेय ती, ताई. सगळ्यांना दिलं... तिलाच कुणी नाही दिलं. ती पडली ती जागासुद्धा डांबराखाली गेली.”

कागद पक्का झाल्यावर मी दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. ओल्या पायांचे ठसे तेवढे होते, आणि ते फाटकाकडून आलेले नव्हते. मधल्या भिंतीपासून, जिथे फोटो लागायचा होता तिथून, सरळ या दारापर्यंत. आमच्या देखत ते वाळून गेले.

एखादीनं कुलूप लावून पळ काढला असता. मी फ्रेमच्या लाकडाचे उरलेले तुकडे घेतले आणि निमियानं दोन पट्ट्या एकमेकींवर ठोकून क्रूस केला. तिनं आईला फोन केला. तिचा बाप पुरात गेलेला, त्याच्या क्रूसासाठी यंदाचं कापड सेफेरिनामावशीनं आधीच विणून दिलं होतं, कोरं, घडी न मोडलेलं. निमियानं आईला एवढंच सांगितलं की ते घेऊन ये, पप्पांना आपण दुसरं करू. आईनं का म्हणून विचारलं नाही.

संध्याकाळी सगळी बान्यादो लोटली. काही जण लांब लांब नेऊन टाकलेल्या नव्या घरांतून दोन-दोन बस बदलून आले होते. बायकांनी टोपल्या भरून चिपा, चीज घातलेले पाव, आणले होते. तिसरा फोटो मी फ्रेम करून मधोमध टांगला, निमियानं वर क्रूस ठोकला, आईनं कापड टाकलं. ते क्रूसावरून फोटोवर उतरलं, पुढे केलेल्या हातांवर पडलं. मग कुणी सांगायच्या आधी बायकांनी गुडघे टेकले आणि माझ्या गॅलरीत सेफेरिनामावशीच्या नऊ दिवसांतला पहिला दिवस सुरू झाला.

डॉक्टर आले ते प्रार्थना संपता संपता. दुसऱ्या दिवशीची वाटसुद्धा बघितली नाही, माणसं बरोबरच आणली होती. त्यांनी भिंत बघितली आणि मुकादमाला सांगितलं, काढ ते. मुकादम पुढे झाला, कापड बघितलं, टोपी काढली, छातीवर क्रूस काढला आणि मागे सरला. त्याची माणसंही मागे सरली. या देशात रस्ते वळवतात, पण कापड घातलेला क्रूस कुणी हलवत नाही. डॉक्टरांना हे माहीत नव्हतं थोडंच? पण वकिली डोक्याला वाटलं असेल की गॅलरीतल्या भिंतीवरचा क्रूस काही खरा नव्हे.

मी मधे जाऊन उभी राहिले. म्हटलं, “डॉक्टर, किल्ल्या हव्या तर या घ्या. पण ही बाई इथून हलणार नाही. तुम्हाला काढायची असेल तर तुमच्या हातानं काढा.”

किल्ल्यांकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. हसले. “बघू तर खरं, एवढं काय झाकलंय,” म्हणाले आणि दोन बोटांनी कापडाचा कोपरा उचलला.

मी बाजूला होते, मला फोटो दिसत नव्हता. त्यांचा चेहरा दिसत होता. हसू आधी जिथल्या तिथे राहिलं, मग गेलं. कुणीतरी त्यांना काहीतरी विचारत असावं असं ते ऐकत होते. मग खालच्या आवाजात बोलले, पण माझ्याशी नाही.

“नाही... तिथे नाही... तिथे माझी माणसं राहतात.”

कापड सुटलं. डॉक्टर वळले आणि दाराकडे निघाले, घाई न करता, अगदी जपून, म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून न्यावं तसे. दाराजवळच्या बायकांनी बाजूला होऊन वाट दिली. दोघांना लागेल एवढी. आणि तो गाळाचा वास, जो दुपारपासून घरभर होता, तो त्यांच्यामागोमाग निघून गेला.

सगळे गेल्यावर मी आणि निमियानं कापड वर केलं. पेरूचं झाड होतं, पायरी होती, काळोखं दार होतं. बाई नव्हती. हातही नव्हते.

किल्ल्या मागायला कुणी आलं नाही. पुढे कळलं की डॉक्टरांनी वरच्या आळीतलं घर बंद केलं आणि लेकीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. घरात ओल येते म्हणे. टेकडीवरच्या घरात, जिथे नदी कधी पोचली नाही तिथे. गिऱ्हाइकं बघायला जातात आणि दिवाणखान्यातूनच परत फिरतात. विश्वस्तांच्या बैठका आता इथेच होतात, आणि अध्यक्ष कोण माहीत आहे? निमियाची आई. मला कुणी विचारलं की बाई, तुम्ही हे बरं केलंत का, तर मी म्हणते, फार बरं केलं. तिचं घर पाडलं, तिनं त्यांचं घेतलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा क्रूस ठोकीन.

दरवर्षी निमिया येऊन कापड बदलते. भिंत कोरडी आहे, तू हात लावून बघ. तरी जुनं कापड काढतो तेव्हा खालची कड ओली असते आणि तिला गाळ लागलेला असतो. ते आम्ही धुतो आणि निमियाच्या बापाच्या क्रूसावर टाकतो.

चल, तुझा कागद झाला. दार उघडते. आणि हे भिंग घे. आज कापड बदलायचा दिवस आहे, निमिया नवं घेऊन येतेय; जुनं मी काढते, तोवर बघून घे. पायरी सोड, झाड सोड. दारात बघ, आतल्या काळोखात. तो पहिल्या वर्षी नुसता काळा होता. मग दरवर्षी थोडा थोडा उजळत गेला, हा कागद अजून ट्रेमध्येच असावा तसा. खाली काळ्या-पांढऱ्या फरशा दिसतात ना? बान्यादोत मातीची जमीन असायची, फरशा नाही. आता कोपऱ्यात बघ. हरणाच्या शिंगांची खुंटाळी आहे, आणि तिच्यावर एक गवती हॅट टांगलेली आहे. तिच्या काठावरून पाणी गळतंय. खाली फरशीवर साचलेलं पाणी गेल्या वर्षी दारापर्यंत आलं नव्हतं.